जुन्या बाजूचं फोल्डर

काम तसं साधं होतं. शनिवारी दुपारी जुन्या बाजूला जायचं, तिथल्या शेवटच्या सर्व्हरवरचं एक फोल्डर नव्या बाजूला उतरवून घ्यायचं आणि सर्व्हर कायमचा बंद करायचा. साहेबांनी कामाच्या चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, 'अंदाजे दोन तास'. मी जेवून निघालो. बायकोला म्हटलं, पाचच्या आत घरी येतो.

ही हकिगत मी आजवर दोघांनाच सांगितली आहे. तुम्ही तिसरे. मध्येच थांबलो तर घाई करू नका. काही ठिकाणी मला अजूनही थांबावं लागतं.

मी त्या वेळी एका मोठ्या हॉस्पिटलात नेटवर्कचं काम बघत असे. आमच्या हॉस्पिटलनं शेजारचं जुनं हॉस्पिटल चालवायला घेतलं होतं. दोन इमारती, मधे अंगण, आणि दुसऱ्या मजल्यावरून दोन्हींना जोडणारा एक बंदिस्त पूल. सगळे त्यांना जुनी बाजू आणि नवी बाजू म्हणायचे. माणसं आली-गेली, खाटा हलल्या, पाट्या बदलल्या. पण कॉम्प्युटर असे लगेच एक होत नाहीत. जुन्या बाजूचं डोमेन वेगळं, नव्या बाजूचं वेगळं.

डोमेन म्हणजे असं समजा, की दोन सोसायट्या आहेत आणि दोन्हींच्या फाटकावर आपापला वॉचमन आहे. तो आपल्या सोसायटीतल्या माणसांना चेहऱ्यानं ओळखतो. पलीकडच्या सोसायटीतलं कोणी आलं की त्याला अडवतो, मग तो माणूस कितीही भला असो. त्याला आत सोडायचं असेल तर दोन्ही वॉचमननी आधी आपसात ठरवून घ्यावं लागतं: तू ज्याला चिठ्ठी देशील त्याला मी सोडीन. आमच्या कामात या ठरावाला ट्रस्ट म्हणतात. विश्वास. तो मी बांधून दिला होता. निदान मला तसं वाटत होतं.

जुन्या बाजूला शेवटपर्यंत राहिली ती रक्त-लघवी तपासायची लॅब. बाकी सगळे नव्या बाजूला गेले. लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायला एक बाई होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, अंगानं जाड, केसांत नेहमी पेन खोचलेलं. सगळे त्यांना रिपोर्टबाई म्हणायचे. मला त्या 'नेटवर्क' म्हणायच्या. नाव वगैरे काही नाही, नुसतं नेटवर्क.

"अहो नेटवर्क, तुमचं दार काही उघडत नाही हो!"

हा त्यांचा पहिला फोन. नव्या बाजूच्या सर्व्हरवर 'रिपोर्ट' नावाचं फोल्डर केलं होतं. रिपोर्टबाईंनी आपल्या टेबलावरून रिपोर्ट त्यात टाकायचा, आणि वॉर्डातल्या डॉक्टरांनी तो तिथून लगेच बघायचा, अशी व्यवस्था होती. पण त्यांनी फोल्डर उघडायला घेतलं की गोल चक्र फिरत राहायचं, आणि मग पाटी यायची: तुम्हाला परवानगी नाही.

मी माझ्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचं नाव परवानगीच्या यादीत घातलं. मग त्याच खुर्चीतून, माझ्याच पासवर्डनं, फोल्डर उघडून पाहिलं. उघडलं. उघडणारच होतं, मी नव्या बाजूचा माणूस. तक्रारीपुढे मी 'सुटली' असं लिहून ती मिटवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "नेटवर्क, परवानगी नाही म्हणतंय."

"बाई, एकदा मशीन बंद करून चालू करा."

"केलं. तीनदा केलं. चौथ्यांदा केलं तर ते मलाच बंद करेल."

मी हसलो. म्हटलं, उद्या येऊन बघतो. तो उद्या पाच महिने आला नाही. पूल ओलांडून जायला चार मिनिटं लागायची. पण नव्या बाजूची कामं डोक्यावर होती, साहेब मागे लागलेले होते, आणि खरं सांगायचं तर जुन्या बाजूबद्दल आम्हा सगळ्यांनाच थोडी तुच्छता वाटायची. आज ना उद्या बंदच होणार आहे, तिथे कशाला जीव काढा? त्यांनी आणखी दोनदा तक्रार नोंदवली. दोन्ही वेळा मी ती तशीच मिटवली.

मग त्या रिपोर्ट छापून, पाकिटात घालून स्वतःच नेऊन द्यायला लागल्या. जुन्या बाजूची लिफ्ट तोवर बंद झाली होती. तळमजल्यावरच्या लॅबमधून दोन जिने चढायचे, पूल ओलांडायचा, पलीकडे वॉर्डात पाकीट द्यायचं, आणि परत. दिवसातून आठ-दहा खेपा. कधी पुलावर भेटल्या की कठड्याला हात लावून उभ्या असायच्या. चपला फरफटत चालायच्या त्या, एक पाय जरा ओढत. लांबूनच कळायचं.

"काय नेटवर्क! बघा, मीच झाले तुमची वायर."

हे त्या हसत म्हणायच्या. रागावल्या असत्या तर मी कदाचित गेलो असतो.

ज्या दिवसाबद्दल सांगायचं आहे तो बुधवार होता. वॉर्डात एक बसचालक दाखल झाला होता. चाळिशीचा, धडधाकट, नाकातलं हाड वाढलेलं. साधंसं ऑपरेशन. तीन वाजता आत घ्यायचं होतं. सकाळी त्याचं रक्त लॅबमध्ये गेलं. दुपारी दोनच्या सुमाराला लॅबच्या डॉक्टरांनी आकडे पाहिले आणि रिपोर्टबाईंना म्हणाले, हे लगेच कळवा, याचं रक्त गोठत नाही, याला सुरी लावू देऊ नका. एवढं सांगून ते दुसऱ्या हॉस्पिटलात पाळीला निघून गेले. बाईंनी रिपोर्ट टाइप केला. वॉर्डाला फोन लावला, तो लागेना. फोल्डर उघडेना. शेवटी त्यांनी पाकीट उचललं आणि निघाल्या.

पुलाच्या मध्यावर त्या पडल्या. छातीत कळ आली असणार. पाहणाऱ्यानं धावत जाऊन स्ट्रेचर आणलं, पण त्याचा उपयोग नव्हता. हातातलं पाकीट कुणीतरी त्यांच्या पर्समध्ये घातलं, आणि पर्स त्यांच्या वस्तूंबरोबर पिशवीत बांधून ठेवली. त्या पाकिटात काय आहे हे बघायचं कुणाला सुचलं नाही; ते पुढे चौकशीत निघालं.

वॉर्डात एक सवय पडून गेली होती. फोल्डर कधी भरलेलं नसायचंच. काही गडबड असली की रिपोर्टबाई स्वतः येतात, आल्या नाहीत म्हणजे सगळं ठीक आहे. त्या दिवशी त्या आल्या नाहीत. बसचालकाला तीन वाजता आत घेतलं. संध्याकाळपर्यंत तोही गेला.

चौकशी झाली. तीन माणसं टेबलापलीकडे बसली होती. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला.

"लॅबमधून नव्या फोल्डरमध्ये रिपोर्ट टाकता येत होता का?"

मी म्हणालो, "त्याबद्दलची तक्रार सुटलेली आहे, साहेब. नोंद आहे."

नोंद होतीच. माझ्याच हातची. त्यांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. शेवटी चौकशीच्या कागदावर जे आलं ते असं: सोय उपलब्ध असूनही टंकलेखिकेनं रिपोर्ट वेळेत पाठवला नाही. बाई मेलेल्या, त्या कुठून उत्तर देणार?

पंधरा दिवसांनी त्यांची मुलगी मला भेटायला आली. घरी शिकवण्या घेणारी, आईसारखीच भरलेल्या अंगाची, आवाज मात्र अगदी हळू. माझ्या टेबलासमोर बसली, पिशवी मांडीवर घट्ट धरून.

"आई घरी रोज सांगायची, ते फोल्डर उघडत नाही म्हणून. ते नेटवर्कवाले तुम्हीच ना?"

"हो."

"मग ते खरंच उघडत नव्हतं का? मला फक्त तेवढंच सांगा. मी कुणाला काही म्हणणार नाही."

माझ्या मागच्या टेबलावर साहेब बसले होते. मी म्हणालो, "चालू होतं, ताई. त्यांना जमलं नसेल."

तिनं पिशवीचे बंद आवळले. मग म्हणाली, "बरं." आणि उठून गेली. त्या 'बरं'चं मी काय करू, हे मला आजही कळलेलं नाही.

तर या सगळ्याला सात महिने झाल्यावरचा तो शनिवार.

जुनी बाजू तोवर रिकामी झाली होती. लॅबही हलली होती. मी पुलावरूनच गेलो. भर दुपार होती, तरी पुलाच्या काचांना बाहेरून पाडकामाची हिरवी जाळी लावल्यामुळे आत सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. जिने उतरताना औषधी द्रावणाचा तो जुना वास आला, आणि त्याच्याखाली बंद खोलीचा, ओलसर कागदांचा. दिवे एका ओळीतलेच लागत होते. कुठेतरी नळ ठिबकत होता. चार थेंब, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा चार.

सर्व्हर लॅबच्या शेजारच्या खोलीत होता. खोली म्हणजे एक कोठडीच, मधे अर्धी काच, काचेतून लॅब दिसायची. मी मशीनचा पडदा चालू केला आणि माझ्या नव्या बाजूच्या खात्यानं फोल्डर उतरवायला लावलं. नव्या बाजूला माझा सहकारी बसला होता. त्याला आम्ही चष्मा म्हणायचो. तो फोनवर होता.

"येतंय का?"

"येतंय. भराभर येतंय. लवकर सुटशील आज."

चाळीस-एक हजार फायली होत्या. तीन वाजायच्या आत एक सोडून सगळ्या गेल्या. त्या एकीपुढे पाटी आली: ही फाईल दुसऱ्या कोणीतरी उघडलेली आहे.

फायलींना नाव नसायचं, रुग्णाचा नोंदणी क्रमांक असायचा. तो क्रमांक मी वाचला. चौकशीच्या कागदावर तो इतक्या वेळा आला होता की मला पाठ होता. बसचालकाचा.

असं होतं कधी कधी, बरं का. एखादं मशीन नीट बंद झालं नाही की फाईल उघडीच राहिल्याची नोंद राहते. मी उघड्या फायलींची यादी काढली. एकच ओळ होती. फाईलचा क्रमांक, उघडणाऱ्याचं खातं, आणि किती वेळापूर्वी हालचाल झाली ते. खातं रिपोर्टबाईंचं होतं. हालचाल, आत्ता.

मी ती ओळ बंद केली. ती गेली. मी यादी ताजी केली. ती परत होती.

"चष्मा," मी म्हणालो, "लॅबच्या बाईंचं खातं बंद केलंय ना आपण?"

"त्याच आठवड्यात केलं. मीच केलं. का रे?"

"काही नाही."

मी पुन्हा बंद केली. पुन्हा आली. चौथ्यांदा केल्यावर मला त्यांचं ते वाक्य आठवलं आणि मी हात मागे घेतला.

मग मी काचेतून लॅबमध्ये पाहिलं. टेबल तिथेच होतं. त्यावरचं मशीन सहा महिन्यांपूर्वी मीच उचलून नेलं होतं, त्यातली डिस्क काढून फोडून टाकली होती. भिंतीतून आलेली केबल टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती, तिचं टोक हवेत होतं. आणि माझ्या शेजारी, सगळ्या केबल जिथे जोडतात त्या स्विचच्या पेटीवर, त्याच केबलचा हिरवा दिवा लुकलुकत होता. पलीकडे कोणी काम करत असलं की लुकलुकतो तसा, थांबून थांबून.

"चष्मा, एक कर. आपल्या 'रिपोर्ट' फोल्डरच्या नकारांच्या नोंदी बघ. जुन्या बाजूकडून कोणी प्रयत्न केलाय का?"

बराच वेळ पलीकडून नुसता की-बोर्डचा आवाज आला.

"अरे…" तो म्हणाला.

"काय?"

"आहेत नोंदी. रोज आहेत. त्या खात्यावरूनच. रोज दुपारी दोन अकराला सुरू… अकरा वेळा नकार… दोन एकोणतीसला बंद. सात महिने. रविवारीसुद्धा." त्याचा आवाज उतरला. "या रोजच्यातली पहिली रांग कधीची, माहितेय? त्या बुधवारची आहे. त्या दिवशी त्यांनी अकरा वेळा प्रयत्न केला होता रे."

अकरा वेळा. अठरा मिनिटं बाई त्या खुर्चीत बसून चक्राकडे बघत होत्या. आधीच निघाल्या असत्या तर सावकाश, कठड्याला धरून, वेळेत पोचल्या असत्या. पण कदाचित आज उघडेल, नेटवर्कनं केलं असेल काहीतरी, असं त्यांना अकरा वेळा वाटलं.

"आणि आज?" मी विचारलं.

"आज… आज थांबलेलंच नाही. तू तिथे पोचल्यापासून चालू आहे. दर दीड मिनिटाला एक. तू ये बाबा परत. सोमवारी बघू."

मी जायला हवं होतं. भीती वाटत नव्हती असं नाही. पण पाच महिने मी 'उद्या बघतो' म्हणत होतो, आणि 'सोमवारी बघू' हे शब्द ऐकल्यावर माझ्यानं उठवेना.

मी लॅपटॉप घेतला आणि लॅबमध्ये गेलो.

टेबलावर बोटभर धूळ होती. खुर्चीच्या हातांवर धूळ होती. बसायच्या गादीवर नव्हती. मी ते पाहिलं, आणि तरी बसलो. त्या खुर्चीत मी पहिल्यांदाच बसत होतो. लोंबणारी केबल लॅपटॉपला लावली, जुन्या बाजूचं चाचणीचं खातं घेतलं आणि नव्या बाजूचं फोल्डर उघडायला सांगितलं.

चक्र फिरायला लागलं. किती वेळ फिरतं ते! दीड मिनिट. तिथे बसल्याशिवाय कळत नाही. दीड मिनिट माणूस आशेनं बघत राहतो आणि मग पाटी येते: तुम्हाला परवानगी नाही.

त्या वेळी वरून, पुलाच्या बाजूनं, चपला ऐकू आल्या. फरफटत. एक पाय जरा ओढलेला. त्या जिन्यावर आल्या. एकेक पायरी, मधे थांबत. मी वळलो नाही. पडद्याकडे बघत राहिलो. पहिला जिना संपला, दुसरा संपला. लॅबच्या दारात आवाज थांबला. मग टेबलाच्या जवळ आला. मग माझ्या मागे, अगदी खांद्याशी, चढ-उतार करून दमलेल्या माणसाचा श्वास. वर येणारा, अडकणारा, खाली जाणारा. त्याला केसांच्या तेलाचा वास होता.

"बाई," मी म्हणालो. "बघतोय… आत्ता बघतोय…"

श्वास तसाच चालू होता.

मी एकेक तपासत गेलो. परवानगीची यादी बरोबर होती. दोन्ही वॉचमनमधला ठराव शाबूत होता. नाव-पत्ता बरोबर सापडत होता. मग मी घड्याळ पाहिलं. जुन्या बाजूच्या सर्व्हरचं घड्याळ सात मिनिटं मागे होतं.

तुम्हाला यात काय मोठं, असं वाटेल. पण या वॉचमन लोकांची एक अट असते. चिठ्ठीवरची वेळ आणि आपल्या घड्याळातली वेळ यांत पाच मिनिटांहून जास्त फरक असला, तर चिठ्ठी खोटी समजून परत पाठवायची. जुनी बाजू सात मिनिटं मागे होती, म्हणून तिथल्या माणसाची प्रत्येक चिठ्ठी खोटी ठरत होती. नव्या बाजूला बसलेल्या मला ते कधीच दिसणार नव्हतं. इथे, या खुर्चीत, एकदा बसलो असतो तर दिसलं असतं. दुरुस्ती काय, तर घड्याळ पुढे सरकवायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. दोन माणसं गेली होती त्यापायी.

"माझं चुकलं, बाई," मी म्हणालो. "मी आलोच नाही. आणि वर तुमच्यावर ढकललं."

मी तिथूनच सर्व्हरमध्ये शिरलो आणि घड्याळ सात मिनिटं पुढे केलं. फोल्डर उघडायला सांगितलं. चक्र फिरलं नाही. उघडलं.

मागचा श्वास थांबला. लांब गेला नाही, कमी झाला नाही, मधेच थांबला. काचेपलीकडचा हिरवा दिवा स्थिर झाला. खिशातला फोन वाजला तेव्हा भानावर आलो.

"आली बघ," चष्मा म्हणाला. "ती राहिलेली फाईल. 'रिपोर्ट' फोल्डरमध्ये आली. पाठवलीस वाटतं?"

मी पाठवली नव्हती. पण म्हणालो, "प्रिंट काढून पाकिटात घालून ठेव. मी येतो."

पुलावरून परत आलो तेव्हा चष्मा पाकीट घेऊन दाराशीच उभा होता. आतलं काही त्यानं वाचलं नव्हतं, प्रिंटरमधून आलं तसं पिन मारून घातलं होतं. मी थोडं बाहेर काढून पहिलं पान पाहिलं. बसचालकाचा रिपोर्ट. तो एक आकडा, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत, दोन रेघा ओढून: ऑपरेशन करू नये. पुढे माझ्यानं बघवेना. पाकीट बंद केलं.

त्याच संध्याकाळी मी चौकशी समितीला पत्र लिहिलं. खोटं कुठे बोललो, तक्रारी कशा मिटवल्या, घड्याळ, सगळं. सोमवारी साहेब म्हणाले, "मिटलेलं प्रकरण का उकरतोस? कुणाचं भलं होणार आहे?" मी पत्र मागे घेतलं नाही. महिन्याभरानं बाईंच्या नावापुढचं ते वाक्य खोडलं गेलं आणि माझं नाव आलं. नोकरी गेली. आता मी एका लहान दुकानात मशीन दुरुस्त करतो. त्याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, आणि ते पत्र लिहून कमी होत नाही.

पण पत्र देण्याआधी, रविवारी सकाळीच, मी त्यांच्या मुलीकडे गेलो होतो. तिची शिकवणीची मुलं आतल्या खोलीत पाढे म्हणत होती. मी दारातच सांगितलं, "ताई, ते फोल्डर उघडत नव्हतं. तुमच्या आईचं खरं होतं. मी खोटं बोललो."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. नुसतं म्हणाली, "आत या." पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, श्वासाचंसुद्धा. मग पाकीट तिच्या हातात दिलं. म्हटलं, हा त्यांचा शेवटचा रिपोर्ट, त्यांनी वेळेत टाइप केला होता.

तिनं पहिलं पान वाचलं. शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं. मग पिन न काढता पान उलटलं आणि त्याखालचं वाचायला लागली. मला आश्चर्य वाटलं. लॅबचा रिपोर्ट कधी एका पानापेक्षा मोठा नसतो.

वाचता वाचता तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, पुन्हा कागदाकडे. पुन्हा माझ्याकडे.

"हे दुसरं पान तुम्ही वाचलंत?"

"नाही. काय आहे?"

"नाही ना वाचलंत?"

"नाही."

तिनं दोन्ही कागद घडी करून पाकिटात घातले, पाकीट कपाटात ठेवलं आणि कपाटाला किल्ली लावली.

"मग नका वाचू," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी नंतर ती फाईल चष्म्याला पुन्हा उघडायला सांगितली. तो म्हणाला, एकच पान आहे. तीनदा मोजलं त्यानं.

तेव्हापासून ती मला फोन करते. दुसरं काही बोलत नाही. सुरुवातीला महिन्यातून एकदा करायची. "तुमची तब्येत बरी आहे ना?" एवढंच विचारायची, आणि मी हो म्हटलं की, "बरं" म्हणून ठेवून द्यायची.

हल्ली रोज करते.